टाळ्या न पडलेलं नाटक

नाटक संपलं आणि एकही टाळी पडली नाही.

आमिहान पडद्याच्या फटीला डोळा लावून उभी होती. दोन वर्षं लिहिण्यात गेली होती, चार महिने तालमीत. रविवार दुपारचा प्रयोग, शाळेचं जुनं सभागृह गच्च भरलेलं, आणि शेवटचा दिवा मालवून पुन्हा लावला तरी प्रेक्षक हात मांडीवर ठेवून गप्प बसलेले. मनिलाजवळच्या लिपा शहरातली माणसं महापौरांच्या वाढदिवसाच्या भाषणालाही टाळ्या वाजवतात. म्हणजे आपलं नाटक त्या भाषणाच्याही खाली गेलं, असं तिच्या मनानं घेतलं.

खरं कारण साधं होतं. रंगमंचाच्या मधोमध शवपेटी होती. खोटी नव्हे, गावातल्या अंत्यविधीवाल्यानं ओरखडा पाडायचा नाही या बोलीवर उसनी दिलेली, वर काच असलेली अस्सल पेटी. आणि पेटीसमोर टाळ्या पिटायच्या नसतात, हे लिपातल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

नाटक आमिहानच्या वडिलांच्या लामायचं होतं. माणूस गेला की त्याला पुरेपर्यंत दिवसरात्र त्याच्याजवळ बसायचं, जप करायचा, पत्ते कुटायचे, कॉफी प्यायची, असे ते दिवस. चार वर्षांपूर्वी इस्लाव गेला. बावीस वर्षं जीपनी, म्हणजे भाड्याची प्रवासी जीप, चालवून, क्लच दाबदाबून डावा गुडघा गेलेला, हसरा माणूस. त्यांची गल्ली इतकी अरुंद की पेटी वळेना, म्हणून इस्पितळातून त्याला परस्पर चॅपलमध्ये नेलं, पाच दिवस तिथेच ठेवलं आणि तिथूनच दफनभूमीत.

त्या पाच दिवसांत सगळं गाव येऊन गेलं. आली नाही ती एकटी त्याची बायको. दोराय तेव्हा मिलानमध्ये एका म्हातारीची देखभाल करत होती. कागदपत्रं नूतनीकरणाला गेलेली; देश सोडला असता तर परत शिरता आलं नसतं, आणि आमिहानचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. म्हणून पेटीच्या उशाशी बिस्किटांचा डबा, डब्याला टेकवलेला फोन आणि फोनमध्ये दोराय. म्हातारी जागी होऊ नये म्हणून ती न्हाणीघरात टबाच्या काठावर बसायची. मागे पांढऱ्या फरशा दिसायच्या. लोक येत, पेटीला नमस्कार करत, मग वाकून फोनलाही करत.

तिसऱ्या दिवशी कुणीतरी कॉफीचा कप त्या फोनसमोर ठेवला आणि विसरून गेलं. दोन तास. दोन तास दोरायनं नवऱ्याऐवजी कप पाहिला, आणि ओरडली नाही, कारण म्हातारी झोपली होती.

नाटकात तो कप आत्या ठेवते. खरा ठेवला होता आमिहाननं. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. आई सहा महिन्यांपूर्वी कायमची परत आली, एकदा थडग्यावरचं गवत उपटून आली, "पाचही दिवस चॅपलमध्येच? घरी नाहीच आणलं?" एवढं विचारलं, "नाही" ऐकलं, आणि मग नवऱ्याचं नाव काढलं नाही. आमिहानला माफी मागायची होती आणि तोंडानं जमत नव्हतं. लेखक मंडळींचं हे असंच असतं. एक वाक्य बोलायला लागू नये म्हणून दोन अंकी नाटक लिहितात.

आता आई तिसऱ्या रांगेत होती, पर्स मांडीवर, पर्सवर दोन्ही हात. चेहरा दिसत नव्हता, कारण पुढे ॲटर्नी माकाराइग यांचं डोकं होतं, आणि ते डोकं सगळ्या लिपाच्या वाटेत येणारं होतं.

तसं पाहिलं तर प्रयोग पहिल्या प्रवेशातच हातचा गेला होता. नाटकात जपमाळेचे दहा मणी होते. अकराव्याला अंधार व्हायचा. पण नटीनं "नमो मारिया" म्हटल्याबरोबर पहिल्या दोन रांगांतल्या चर्चच्या म्हाताऱ्यांनी उत्तर दिलं. अंधार झाला तरी त्या थांबेनात. अर्धवट जप सोडायचा म्हणजे काय! पन्नासच्या पन्नास मणी झाले, वर एक लांबलचक प्रार्थना झाली, आणि नट बिचारे अंधारात गुडघ्यांवर बसून राहिले. पुढे विधवेची बहीण पेटीवर पडून रडली तेव्हा सभागृहातून एकच कल्लोळ झाला, "काचेवर नको! अगं, थेंब काचेवर पाडू नकोस, त्याचा जीव इथेच अडकून राहील!" नटीनं घाबरून तोंड स्वतःच्या बाहीत खुपसलं आणि पुढचं वाक्य विसरली. आणि महापौरांच्या कार्यालयानं तर पुष्पगुच्छाऐवजी तिपाईवरचं भलंमोठं पुष्पचक्र धाडलं होतं, पट्टीवर "आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत."

टाळ्या पडल्या नाहीत, पण माणसं उठली. उठली आणि रांग लावून थेट रंगमंचावर चढायला लागली, पेटीतलं तोंड बघायला. पेटी रिकामी होती. शेवटच्या प्रवेशात इस्लावचा आत्मा उठून चालत जातो.

"मास्तर, आत झोपा!" आमिहान विंगेतून कुजबुजली. "लवकर!"

इस्लावचं काम पी.टी.चे मास्तर करत होते. ते बिचारे पाण्याची बाटली टाकून पुन्हा आत आडवे झाले.

"किती शांत दिसतोय," पहिली म्हातारी म्हणाली.

"बारीक झालाय मात्र," दुसरी म्हणाली.

तिता बेबी रांगेत पुढे घुसली. ही इस्लावची थोरली बहीण, आमिहानची आत्या. वय एकोणसत्तर, पण जन्मल्यावर घरच्यांनी बेबी म्हटलं आणि मग नाव बदलायला कुणाला सवड झाली नाही. तिनं काचेवर बोट ठोकलं. "बनियन दिसतंय. माझा भाऊ असा गबाळा नव्हता." मग ती आमिहानकडे वळली. "आणि तू गं! मी एवढी जाडी आहे?"

"तिता, ती तू नाहीस. ते एक पात्र आहे."

"पात्राच्या गळ्यात माझी माळ कशी? पात्र माझ्यासारखं पत्त्यांत हरतं कसं? आणि हरले कधी मी? त्या पाच दिवसांत तीनदा जिंकले! बरं, ते जाऊ दे. तो कप मी ठेवला नव्हता, आमिहान. त्या दुपारी मी पार्लरमध्ये केस रंगवत होते, विचार कुणालाही. सगळं गाव आता मला कपवाली म्हणेल."

सगळ्या सभागृहात एकच टीका खरी होती आणि ती नेमकी तिता बेबीनं केली होती.

"आणि नाटकात सख्ख्या आईचा नुसता फोन करून टाकलास," तिता बेबी जाता जाता म्हणाली. "निदान फोन तरी मोठा घ्यायचास."

मग चर्चा झाली. कार्यक्रमपत्रिकेत छापलं होतं, त्यामुळे इलाज नव्हता. ॲटर्नी माकाराइग वारसा मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला तो दोन्ही हातांनी. "नाटक हृदयस्पर्शी आहे. तथापि खिडकीच्या शिंपल्यांच्या तावदानात आडवे आठ चौकोन आहेत. लिपाच्या जुन्या घरांत दहा असत. दुसरं, पाहुण्यांना प्लॅस्टिकमधली बिस्किटं दिली. केळीच्या पानात वाफवलेल्या चिकट तांदळाचं सुमान का नाही? आपला वारसा तो हाच!"

"तेव्हा बिस्किटंच दिली होती, ॲटर्नी," आमिहान म्हणाली. "तुम्ही चार पुडे खाल्ले होते."

"मी व्यक्तिशः बोलत नाहीये."

मनिलाहून एक समीक्षक आला होता, उकाड्यात काळा कोट घालून. तो डोळे मिटून म्हणाला, "मला ती पेटी म्हणजे इतिहासाच्या अनुपस्थित देहाची पोकळी वाटली."

"आत मास्तर आहेत," मागून कुणीतरी सांगितलं, आणि मास्तरांनी आतून हात हलवला.

पाठोपाठ नववीतली एक मुलगी वही घेऊन उभी राहिली. "मिस, यातून बोध काय घ्यायचा? पाचशे शब्द लिहायचेत. आमच्या मॅडमना बोध लागतोच."

"तुला काय वाटलं?" आमिहाननं विचारलं.

"मला रडू आलं. पण त्याला मार्क नाहीत."

आमिहाननं तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. ॲटर्नी उभे होते म्हणून आता खुर्ची स्वच्छ दिसत होती. रिकामी होती.

ती दाराकडे धावली. निदान बाहेर पडणाऱ्यांत आई सापडेल, आणि सापडेपर्यंत आल्या-गेल्याचे आभार मानता येतील. तिनं पहिल्या माणसाला "आल्याबद्दल..." म्हणायला तोंड उघडलं तोच तिता बेबीनं दंड धरून तिला मागे खेचलं.

"वेड लागलंय का? घरच्या माणसानं लामायला आलेल्यांना दारापर्यंत सोडायचं नसतं. आभारही मानायचे नसतात. घरातलं आणखी कुणी मरायला हवंय तुला?"

"तिता, हे नाटक आहे!"

"नाटक असेल. पेटी खरी आहे. चल आता लोमी खायला. इथून थेट घरी गेलीस तर तो मागोमाग येईल."

लामायहून परतताना वाटेत कुठेतरी थांबायचं, गेलेल्याला तिथेच झटकायचं, मग घरी जायचं. ह्याला पाग्पाग म्हणतात, आणि लिपात पाग्पाग म्हटलं की लोमीचं दुकान. पंधरा मिनिटांत सगळं प्रेक्षागृह जसंच्या तसं तिथे जाऊन बसलं. चर्चच्या म्हाताऱ्या, नववीचा वर्ग, महापौरांचा माणूस, सगळे दाट गरम शेवयांच्या वाडग्यांवर लिंबू पिळत होते. ॲटर्नी माकाराइग म्हणत होते, "माझा असल्या गोष्टींवर मुळीच विश्वास नाही, मला फक्त भूक लागलीय," आणि बाहेर येताना त्यांनी कोट तीनदा झटकला. मनिलाचा समीक्षक निरीक्षणासाठी थांबला होता. निरीक्षणात त्याचे दोन वाडगे झाले. दुकानदार गल्ल्यावरून ओरडला, "पोरी, झकास नाटक! रोज लाव!" पेटीतून उठून आलेले मास्तर आत शिरले तेव्हा मात्र दोन टेबलं घाईघाईनं रिकामी झाली.

आई तिथे नव्हती.

"दुसऱ्या दुकानात असेल," तिता बेबी म्हणाली. "नाहीतर रागावली असेल. मी असते तर रागावले असते. फोन!"

आमिहाननं वाडगा तसाच टाकला. गल्लीच्या तोंडाशी ट्रायसिकल रिक्षामधून उतरून ती पळतच घरी आली. ऊन कलतं झालं होतं. दार सताड उघडं. आई, तिची नानाय, खुर्चीत बसलेली, पायांत अजून बूट, मांडीवर पर्स.

"लोमीला आली नाहीस," आमिहान म्हणाली.

"नाही."

"मग कुठे थांबलीस?"

"कुठेच नाही. थेट घरी आले. ट्रायसिकलवाला पेट्रोल भरायला वळत होता, त्याला म्हटलं, आधी मला सोड, मग खुशाल भर."

"नानाय! लामायहून कुणी असं थेट..." बोलता बोलता आमिहान थांबली. आपणही लामायच म्हणालो, हे तिच्या ध्यानात आलं.

"मला नको शिकवूस. तुझ्या आधीपासून जातेय मी लामायला." दोरायनं पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळला. "मला एक सांग. त्या पाच दिवसांत किती माणसं आली असतील?"

"पुष्कळ. चारशे तरी."

"आणि त्या चारशेंतलं एकेक माणूस लोमीच्या दुकानात जाऊन त्याला झटकून आलं. तूही?"

"तिता बेबीनं नेलं होतं."

"नेणारच, रीतच आहे. पण मग तो घरी यायचा कुणाबरोबर? इस्पितळातून चॅपल, चॅपलमधून माती. ह्या दारातून तो आत आलाच नाही. आणणारी मी होते, आणि मी टबावर बसले होते." तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. "आज मला बसायला मिळालं त्याच्याजवळ. दोन तास. पुढे ॲटर्नीचं डोकं होतं, पण बसले."

आमिहान तिच्या पायाशी जमिनीवर बसली. आता नाही बोललं तर तिसरा अंक लिहावा लागेल, हे तिला कळत होतं.

"नानाय, तो कप तिता बेबीनं नव्हता ठेवला. मी ठेवला होता."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"कप ठेवताना हात दिसला की. नखं खाल्लेली होती. दुसऱ्या कुणाची असणार?"

"मग तू बोलली का नाहीस? चार वर्षं?"

"काय बोलायचं? पाच दिवस झोपली नव्हतीस तू. कप ठेवायला जागा लागते गं माणसाला." दोरायनं तिच्या केसांवरून हात फिरवला, जरा जोरातच, कढई पुसावी तसा. आमिहान रडली. सभागृहात सगळं गाव रडलं होतं तेव्हा ती रडली नव्हती; आता हुंदके देऊन, नाक ओढत रडली.

थोड्या वेळानं डास यायला लागले. डोळे पुसत आमिहान उठली आणि दार लोटायला गेली.

"राहू दे उघडं," दोराय म्हणाली. "ते तुझे मास्तर फार भरभर चालतात, संचलनाला निघाल्यासारखे. त्याचा गुडघा दुखतो. वेळ लागेल त्याला."

आमिहान दारातून बाजूला सरकली.