टिकलीची वाटी

टिकलीने घेवड्याची शेंग दोन्ही हातांत धरली, वास घेतला आणि सरळ चतुराबाईच्या नाकावर फेकून मारली.

एकोणीस वर्षं झाली चतुराबाईला कळमनुरीच्या त्या शाळेत खिचडी शिजवायला. रोजची दीडशे लेकरं. त्यात हट्टी, रडकी, वाटाणे वेचून खिशात भरणारी, कोथिंबिरीची काडी दिसली की ओकारी काढणारी, सगळी आली. या बाईने सगळ्यांना जेवू घातलं. एक ताट भरलेलं परत जाऊ दिलं नाही. आणि आता हे मूठभर वजनाचं जनावर तिच्या नाकावर शेंग मारत होतं.

"मार माय, अजून मार," चतुराबाई म्हणाली. "ती गाजराची चकती राहिली बघ. ती डोळ्यावर मार."

टिकलीने तीही फेकली. मग वाटीतला पपईचा तेवढा तुकडा उचलला आणि मिटक्या मारत बसली. शेजारी बटणही तेच करत होता. खाटेवर बसलेले तिचे यजमान अमृतराव पोट धरून हसत होते.

ही दोन शुगर ग्लायडर पल्लवीची. पल्लवी म्हणजे चतुराबाईची थोरली, पुण्यात रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. तिच्या घरमालकाला जनावर चालत नव्हतं. दुसरी खोली मिळेपर्यंत दोन महिने सांभाळ म्हणून तिने पिंजरा शालीत गुंडाळून आईकडे आणून ठेवला होता. खारीएवढं अंग, पाठीवर काळा पट्टा, बटणासारखे डोळे. पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत कातडीची घडी. ती पसरली की पोरगं पतंगासारखं ह्या भिंतीवरून त्या भिंतीवर. दिवसभर कापडी पिशवीत झोपायचं, दिवेलागणीला उठायचं आणि जेवायला मागायचं. पल्लवीने सरकारदरबारी नोंद केल्याचा कागदही आणून दिला होता. चतुराबाईने तो स्वतःच्या नेमणुकीच्या कागदांत ठेवला.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. आणि आमच्याकडची रीत अशी की ज्या घरात नवं लेकरू आलं त्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही. लेकरू माणसाचं आहे की खारीचं, हे कोण बघतं? शालूबाई चिकू घेऊन आली. तिची सून द्राक्षं घेऊन आली. कोणी केळं, कोणी खजूर, कोणी गुळाचा खडा. "लेकराच्या तोंडात काहीतरी गोड पडू द्या," म्हणत जो तो जाळीतून बोट घालायचा. चतुराबाई कौतुकाने बघत राहिली. पल्लवीने जाताना वहीच्या पानावर लिहून दिलं होतं, फळ थोडं, भाजी जास्त, रोज अंडं नाहीतर किडे. ते पान फ्रिजवर चिकटवलेलं होतं आणि त्याच्याकडे पाठ करून अख्खी गल्ली गूळ चारत होती.

बारा दिवसांनी टिकली पिशवीतून बाहेर आली ती मागचे पाय ओढत.

चतुराबाईने आधी म्हटलं, पायाला मुंग्या आल्या असतील. मग तिने टिकलीला तळहातावर घेतलं. पुढचे पंजे बोटाला घट्ट, मागचे पाय ओल्या वातीसारखे लोंबत होते. तिने ताबडतोब पल्लवीला फोन लावला. पल्लवीने पुण्याच्या डॉक्टरला फोनवरच दाखवलं.

डॉक्टर बाई तरुण होती, पण तोंडाची फटकळ. "मावशी, हिच्या हाडांत जीव राहिला नाही. गोड खाऊन खाऊन कॅल्शियम गेलंय. थेंब लिहून देते. पण नुसत्या थेंबांवर भागणार नाही, पोटात बरोबर जेवण गेलं पाहिजे. आठ दिवस बघू. नाहीतर घेऊन या. उशीर झाला तर पाय परत येत नाहीत."

"एक दिवस उपाशी ठेवते," चतुराबाई म्हणाली. "भूक लागली की खाईल आपोआप."

"अजिबात नको! एवढासा जीव तो. एका रात्रीत थंड पडेल."

मागे पल्लवी रडत होती. "आई, तू दीडशे लेकरं सांभाळतीस म्हणून तुझ्याकडं ठेवले गं मी."

हे बरोबर वर्मी लागलं.

फोन ठेवला आणि चतुराबाईने एका पुठ्ठ्यावर कोळशाने लिहिलं: जनावरांना काही देऊ नये. दिलेलं तुम्हालाच खावं लागेल. दाराला टांगलं. शालूबाई वाचून म्हणाली, "काहून वो, एवढा राग?"

"राग न्हाई. पाय गेले तिचे. आपल्या लाडानं गेले. माझ्यासकट."

शालूबाईने चिकूची पिशवी पदराआड घेतली आणि गुमान परत गेली.

चतुराबाईला शाळेतले पहिले दिवस आठवले. तेव्हा लेकरं पालक वेचून ताटाच्या कडेला लावायची. तिने वेचण्यासारखं काही ठेवलंच नाही. पालक, दुधी, भोपळा, सगळं डाळीत शिजवायचं, रवीने घोटून घोटून एकजीव करायचं आणि मग भातात ओतायचं. लेकरांनी काय वेचावं? बोटाला लागेल तेच खावं.

तेच आता इथे. उकडलेलं अंडं, त्याचं टरफल पाट्यावर पिठासारखं वाटून. घेवडा, गाजर, भोपळा, रताळं. वासापुरती पपई आणि चमचाभर मध. सगळं मिक्सरला लावलं. पल्लवीने फोनवर माप सांगितलं, डॉक्टरने होय म्हटलं. तयार झालेला लगदा बर्फाच्या साच्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवला. रोज संध्याकाळी दोन ठोकळे काढायचे, कोमट करायचे, वाटीत ठेवायचे. गल्लीतल्या पोरांनी पकडून आणलेले नाकतोडे मात्र तिने परत पाठवले. सोयाबीनवर फवारणी चालू होती. विषावर बसलेला किडा लेकराला कोण चारतं?

पहिल्या संध्याकाळी बटणाने वाटी हुंगली, चतुराबाईकडे रागाने बघितलं आणि खायला लागला. त्याला वेचायला काही सापडेना. टिकलीने एकदा जीभ लावली आणि पिशवीत जाऊन झोपली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. थेंब तेवढे ड्रॉपरने जबरदस्तीने जायचे. चतुराबाई चक्रावली. न खाणारं लेकरू चिडचिड करतं, ताट हुंगतं, परत परत येतं. ही तर पोट भरल्यासारखी झोपत होती.

चौथ्या संध्याकाळी विश्वंभरराव आले, नातीला घेऊन. कोमल दुसरीत होती, चतुराबाईच्याच शाळेत. तिला उडती खार बघायची होती.

या विश्वंभररावांचं सांगायलाच पाहिजे. चतुराबाई शाळेत लागली तेव्हा यांचा मुलगा चौथीत. पहिल्याच दिवशी हे शाळेच्या दारात उभे राहिले, पोराला ओळीतून उठवलं आणि घरून डबा आणला. त्यांच्या मागे आणखी अकरा डबे आले. कारण कोणी बोललं नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. खिचडीत खोट नव्हती. ती ढवळणारा हात बौद्धवाड्यातला होता. चतुराबाईने भांडण केलं नाही की हात जोडले नाहीत. रोज बारा ताटं वाढून ठेवली, रोज तशीच उचलली. दोन महिन्यांनी वासाने पोरंच डबे सोडून ओळीत येऊन बसली. बाप मात्र तिथेच राहिले.

आता तेच विश्वंभरराव तिच्या ओसरीत खुर्चीच्या कडेवर बसले होते. तिने चहा दिला.

"अहो कशाला तकलीफ. आत्ताच झाला घरी."

"ठेवते. निवाला तर निवाला," चतुराबाई म्हणाली आणि कप त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवला.

मग तिने टिकलीला पिशवीतून काढून खाटेवर ठेवलं, समोर लगद्याची वाटी. खाटेच्या दुसऱ्या टोकाला अमृतराव, पेपरात डोकं घालून. कोमल श्वास रोखून बघत होती.

टिकलीने वाटीकडे बघितलंही नाही. पुढच्या पंजांनी चादर ओढत, मागचे पाय फरफटवत निघाली. वाटीला वळसा घातला. अख्खी खाट ओलांडून अमृतरावांच्या मांडीवर चढली, तिथून सदऱ्याला धरून छातीवर.

"अगं अगं, इकडं काय," अमृतराव पेपरामागून म्हणाले. त्यांचा आवाज चिरका निघाला.

टिकलीने खिशात डोकं खुपसलं. मागचं अंग आणि झुबकेदार शेपूट बाहेर लोंबत राहिली. मग ती उलटी सरकत बाहेर आली. तिच्या दोन्ही हातांत पेढ्याचा तुकडा होता. पुनमचंद हलवायाच्या दुकानातला, वर पिस्त्याचा चुरा लावलेला.

कोमल टाळ्या पिटायला लागली. "पेढा काढला! आजोबा, खिशातून पेढा काढला!"

चतुराबाई उठली. तिने टिकलीच्या हातातून पेढा काढून घेतला, खिशात हात घातला आणि कागदात गुंडाळलेले आणखी दोन काढले. एस.टी.त तीस वर्षं कंडक्टर होता हा माणूस, एकाही प्रवाशाला विनातिकीट सोडला नाही. आज स्वतः पकडला गेला.

"तुमची साखर किती हाय?"

"तीनशे... दोनशेनव्वद."

"आन् हे कवापासून चालू हाय?"

"माझं, का तिचं?"

"दोघांचं सांगा!"

अमृतरावांनी पेपर खाली ठेवला. "माझं दिवाळीपासून. तिचं..." ते टिकलीच्या पाठीवरून बोट फिरवत होते. "ती काईच खाईना गं. वाटीपाशी येऊन तोंड फिरवती, मला बघवंना. म्हटलं, एवढासा कण. आन् एकट्यानं चोरून खायला काय मजा येती? कोणीतरी सोबतीला पाहिजे."

"तुमी सोबतीला घेतलं आन् तिचे पाय परत येईनात."

टिकलीचा लोंबता पाय अमृतरावांनी दोन बोटांत धरला आणि त्यांचे डोळे भरून आले.

विश्वंभररावांना हसू आवरेना. "चतुराबाई, तुमच्या हातचं न खाणारे तुमच्या घरातच निघाले की!"

"व्हय," ती म्हणाली. "पण हे गोडासाठी न्हाई खात. हात बघून न्हाई खात असं माझ्या घरात कोणी न्हाई. जनावर बी न्हाई."

कपावर साय धरली होती. कोमलने एकदा कपाकडे बघितलं, एकदा आजोबाकडे. "आजोबा, प्या ना. मावशीची खिचडी आमी रोज खातो."

विश्वंभररावांनी कप उचलला आणि थंडगार चहा सायीसकट पिऊन टाकला. एक कप चहा पिला म्हणून कोणी मोठा होत नाही. एकोणीस वर्षं उशीर झाला होता. पण पिला, हे खरं. चतुराबाईने रिकामा कप उचलताना एवढंच विचारलं, "साखर बराबर होती का?"

त्या संध्याकाळपासून नवा कायदा लागू झाला. खाटेवर दोन वाट्या. एका वाटीत टिकलीचा लगदा, दुसऱ्या वाटीत अमृतरावांसाठी शाळेतल्यासारखी घोटलेली डाळ, दुधी-पालक घालून. सदऱ्याचा खिसा चतुराबाईने शिवूनच टाकला. टिकली खिशापाशी जायची, टाक्यावर नाक घासायची आणि अमृतरावांकडे अशी बघायची की त्यांनी घास अर्धा सोडावा.

"मी खाल्ल्याशिवाय ती खाणार न्हाई," अमृतराव म्हणाले.

"मग खा की. तोंड वाकडं करू नका, ती बघून राहिली."

त्यांनी डाळीचा घास घेतला, मोठ्याने मिटक्या मारल्या. मग करंगळीला टिकलीच्या वाटीतला लगदा लावून तिच्यासमोर धरला. टिकलीने हुंगला. तोंड फिरवलं. ते पुन्हा जेवले, पुन्हा करंगळी धरली. असं सात वेळा. वाटीतली डाळ संपत आली. आठव्या वेळी टिकलीने जीभ लावली, थांबली आणि दोन्ही हातांनी करंगळी धरून चाटायला लागली.

"खाल्लं! खाल्लं बघ! अगं ये की इकडं!" अमृतराव हलायचं नाही म्हणून नुसत्या आवाजाने नाचत होते. चतुराबाई चुलीपासून पळत आली. तिच्या हातात उलथनं तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी टिकलीने अर्धी वाटी खाल्ली. तिसऱ्या दिवशी बटणाच्या वाटीतलंही पळवलं आणि बटणाने तिला कुरकुरत शिव्या घातल्या. थेंब चालूच होते.

आठव्या संध्याकाळी पल्लवीचा फोन आला. तिच्या शेजारी ती डॉक्टर बाई बसलेली. "दाखवा मावशी."

शालूबाई रिकाम्या हाताने आली होती. कोमल होती. आणि विश्वंभरराव, या वेळी खुर्चीत पाठ टेकून.

अमृतरावांनी टिकलीला फळीच्या कडेवर ठेवलं आणि दोन्ही हात खाली पसरून उभे राहिले. चतुराबाई हातभर अंतरावर थांबली. टिकलीने मान वर-खाली केली, अंतर मोजलं. मागचे पाय फळीवर रोवले. एक पाय घसरला. पल्लवीने तिकडे तोंडावर हात घेतला. टिकलीने पाय परत रोवला.

आणि उडाली.

उडी कसली, टुणकन हातभर. पण चारही पाय पसरले, घडी उघडली आणि ती थेट चतुराबाईच्या खांद्यावर येऊन आदळली. मागच्या पायांचीही नखं ब्लाउजमधून रुतली. चारही पायांची. चतुराबाईने मोजली.

"आई गं!" ती ओरडली आणि हसायला लागली. फोनमध्ये पल्लवी किंचाळत होती, डॉक्टर बाई म्हणत होती, "छान, पण थेंब बंद करायचे नाहीत हां, महिनाभर तरी," आणि ते कोणीच ऐकत नव्हतं.

अमृतरावांनी वाटी वर धरली. टिकलीने खांद्यावर बसूनच घास घेतला, चघळून चघळून रस गिळला आणि उरलेला भोपळ्याचा चोथा चतुराबाईच्या गळ्यावर थुंकला.

"थुंक माय, थुंक," चतुराबाई पदराने गळा पुसत म्हणाली. "पोटात गेलं ना, मग काय पायजे तिथं थुंक."