यूस्तिनचे बूट

ओतिलिया इटलीहून कायमची परतली आणि दुसऱ्याच दिवशी बाह्या सरसावून आईच्या घरावर तुटून पडली. अकरा वर्षं तोरिनोत तिनं परक्यांच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची अंथरुणं बदलली होती. आता पुरे झालं. दहा वर्षांच्या लेकीला, देनिसाला, घेऊन आईपाशी राहायचं, केस कापायचं छोटंसं दुकान काढायचं, सगळं नव्यानं सुरू करायचं. पण त्यासाठी आधी घरात जागा हवी, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्या इवल्याशा फ्लॅटमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती.

ईस्टर तीन-चार दिवसांवर आलेला. खाली अंगणात बायका लोखंडी दांडीवर गालिचे टाकून बडवत होत्या, धूळ पार वरपर्यंत येत होती. आई, म्हणजे लुक्रेत्सिया, तशी आडमुठी बाई नव्हे. बाल्कनीतल्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्या गेल्या, टीव्हीवरचा काचेचा मासा गेला, बंद पडलेला रेडिओ गेला. तिनं ब्र काढला नाही. पण बुधवारी ओतिलियानं मागच्या खोलीचं दार उघडलं, तशी लुक्रेत्सिया उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"इथलं काही जाणार नाही."

"अगं आई, मग देनिसा काय न्हाणीत झोपणार आहे का?"

"पलंग आहे की. झोपू दे. कपाटाला हात लावायचा नाही."

"सहा वर्षं झाली गं!"

"मोजता येतं मला."

खोली यूस्तिनची, ओतिलियाच्या धाकट्या भावाची. तो स्पेनला बांधकामावर गेला होता. एका मार्चमध्ये त्याचा फोन आला, "आई, दुसरीकडे काम मिळतंय, पोचलो की कळवतो." पोचल्याचं काही त्यानं कळवलं नाही. पोलिसांनी नाव लिहून घेतलं, फोटो घेतला, पुढे काही नाही. पत्र नाही, प्रेत नाही. कपाटात त्याचा जाड कोट होता, दोन स्वेटर होते आणि आत लोकर लावलेले त्रेचाळीस नंबरचे कोरे बूट होते. स्पेनमध्ये कुठला आलाय बर्फ, म्हणून तो हसत मागे ठेवून गेला होता.

ओतिलियाला वाटायचं, कपडे म्हणजे कपडे. पिशवीत भरायचे, कुणा गरजूला द्यायचे, विषय संपला. परदेशात राहून पोरगी सगळं विसरली होती, दुसरं काय! आपल्याकडे असं देतात का कुणी? माणूस गेला की त्याच्या नावानं कपडे द्यायचे, घेणाऱ्याच्या हातात पेटती मेणबत्ती ठेवायची, म्हणजे ते पलीकडे त्याच्या अंगावर पडतात. नवरा गेला तेव्हा त्याचं सगळं लुक्रेत्सियानं असंच दिलं होतं, अगदी दाढीच्या ब्रशापर्यंत. यूस्तिनचं दिलं म्हणजे आपल्याच हातानं पोराला पुरलं. कुठल्या आईचा हात धजेल?

गुरुवारी सकाळी समोरची परास्कीवा गोड पाव घेऊन आली. ईस्टरच्या आधीच्या या गुरुवारी मेलेली माणसं आपापल्या घरी येतात, म्हणून ती आपल्या गेलेल्या नवऱ्याच्या, ग्रिगोरेच्या, नावानं जिन्यातल्या सगळ्या घरांत पाव वाटत होती. दारातल्या पिशव्यांकडे बघत ती घुटमळली.

"लुक्रेत्सिया, एक विचारू? पण रागावशील."

"मग नको विचारूस."

"आज सगळे खाली येतात गं. माझा ग्रिगोरे आपला कोट घालून येईल, मीच दिलाय. तुझा पोरगा जर त्यांच्यात असेल तर? सहा हिवाळे झाले. अंगावर काही नाही, पायात काही नाही."

"माझा मुलगा जिवंत आहे! नीघ इथून. आधी नीघ!"

परास्कीवा पाव टेबलावर ठेवून निघून गेली.

"काय बाई आहे! जिभेला काही हाड?" ओतिलिया म्हणाली. "तू लक्ष देऊ नकोस, आई."

लुक्रेत्सिया यूस्तिनच्या खोलीत गेली. दुपारपर्यंत ती त्या पलंगावर बसून राहिली. सहा वर्षं रोज ती देवाकडे एकच गोष्ट मागत आली होती, की तो असू दे, कुठंही असू दे. पण तो अनवाणी उभा असेल हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं, आणि आता ते जाता जाईना. जिवंत असला तर त्याचं तो बघेल, चांगला धडधाकट आहे. नसला तर त्याला द्यायला आहे कोण? ही एक म्हातारी, आणि ती कपाट धरून बसलेली. तिला स्वतःची लाज वाटली.

ती उठली. बुटांना पॉलिश केलं. दोन्ही बुटांत लोकरीचे मोजे कोंबले, कारण मोज्यांशिवाय यूस्तिनच्या टाचा सोलवटायच्या. मग मेणबत्ती पेटवून तिनं समोरची बेल दाबली.

"तुझ्या थोरल्याला होतील," ती परास्कीवाला म्हणाली. तिनं मेणबत्ती पुढे केली. "घे. यूस्तिनच्या आत्म्यासाठी."

"देव त्याला क्षमा करो," परास्कीवा, गेलेल्या माणसासाठी म्हणतात तसं, हलक्या आवाजात म्हणाली आणि तिनं क्रॉसची खूण केली.

आवाज ऐकून ओतिलिया धावत बाहेर आली. तिनं मेणबत्ती पाहिली, बूट पाहिले आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई! हे काय केलंस? मी असं कुठं म्हटलं होतं? मला फक्त खोली रंगवायची होती गं! द्या मावशी ते इकडे, द्या!"

तिनं बुटांवर झडप घातली. लुक्रेत्सियानं तिचं मनगट धरलं.

"हात लावू नकोस. त्याचे आहेत ते आता."

"आणि तो परत आला तर?"

"आला तर मला वाटेल तसं बोलेल. बोलू दे की! मी दारात उभी राहून ऐकेन."

ओतिलिया जिन्यातच बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. सहा वर्षांत भावासाठी ती अशी रडली नव्हती. परास्कीवानं आपलं दार हळूच लोटून घेतलं.

लुक्रेत्सिया आत गेली. यूस्तिनचं कपाट तिनं सताड उघडलं आणि लेकीला हाक मारली.

"ये गं आत. कोट राहिलाय अजून. माझ्या एकटीच्यानं नाही व्हायचं."