चालतं हत्यार

मुखेडच्या एसटी स्टँडसमोर मल्लिनाथसरांचा कॉम्प्युटर क्लास होता. एके काळी त्याच्या दारात चपलांचा ढीग पडायचा, कारण कुणी चप्पल घालून आत पाऊल टाकलं की सर वस्सकन अंगावर यायचे. माऊसला हात लावायचा तर आधी हात धुऊन यायचं.

बारा कॉम्प्युटरांतले अकरा भंगारात गेले. उरलेल्या एकाला आज खंडेनवमी म्हणून सरांनी पुसून काढलं, विभूतीची तीन बोटं ओढली, झेंडूचा हार घातला आणि बटण दाबलं. बऱ्याच वेळानं तो घरघरत सुरू झाला. वर्षभरात एकही विद्यार्थी फिरकला नव्हता; पण हत्यार पुजायचं तर ते चालतं पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

तेवढ्यात त्यांची जुनी विद्यार्थिनी राजकन्या आत आली, चपलांसकट. वीस वर्षांपूर्वी याच खोलीत ती हात धुऊन टायपिंग शिकली होती.

"सर, फोन बंद पडायलाय. गाडी येईपर्यंत जरा चार्जिंगला लावू का?"

सरांनी तिच्या चपलांकडं पाहिलं. खोलीत चालू सॉकेट एकच होतं. त्यांनी कॉम्प्युटरची वायर उपटली आणि तिचा चार्जर लावून दिला. हाराआडचा पडदा काळा पडला.

"लई उपकार झाले, सर."

ती गेली तरी सरांनी वायर परत लावली नाही. अजून कुणी आलं तर सॉकेट मोकळं असावं.