सव्वाचार फूट

संघप्रियाने माऊस उचलून उताणा केला, त्याच्या पोटातला गोळा अंगठ्याने गरगर फिरवला आणि परत खाली ठेवला. काही फरक नाही. स्क्रीनवरची खोली तेवढीच होती. चार फूट तीन इंच.

"आठ लिहिलंय की मी!" ती ओरडली. "दादा, आठ लिवलंय आणि हे सव्वाचार दाखवतंय. ह्याला काय झालंय काय?"

"रिफ्रेश मार," संग्राम पलीकडून म्हणाला.

"वीसदा मारलं."

"मग अजून एकदा मार."

संग्राम तिचा चुलतभाऊ. कसबा बावड्यात त्याचं तीन कॉम्प्युटरचं नेट कॅफे होतं आणि तिथं चपला दाराबाहेर काढाव्या लागायच्या. चपलांनी धूळ येते आणि धुळीने व्हायरस होतो, असं त्याचं ठाम मत. दुपारी तिथं काळं कुत्रं फिरकायचं नाही, म्हणून कोपऱ्यातलं मशीन त्यानं बहिणीला फुकट दिलं होतं. एका मासिकाबरोबर आलेली सीडीही त्याचीच. 'आपलं घर आपणच रेखाटा' असलं काहीतरी इंग्रजीत तिच्यावर छापलेलं होतं.

आता हे सगळं कशासाठी? तर खोलीसाठी! संघप्रिया नववी पास झाली होती, जूनमध्ये दहावी सुरू होणार होती. भाड्याच्या दोन खोल्यांत एकीकडे आईचा कुकर, दुसरीकडे पप्पांच्या बातम्या आणि मध्ये हिची भूमिती. शाळेच्या वक्तृत्वात पहिली आल्यापासून तिला एक कळलं होतं, की उभं राहून मोठ्यानं बोललं की माणसं ऐकतात. तेव्हा एका रात्री जेवताना ती ताटावरून चक्क उभी राहिली आणि म्हणाली, "नव्या घरात मला माझी एकटीची खोली पाहिजे."

तिचे पप्पा बुद्धभूषण एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. ते हसले नाहीत की रागावले नाहीत. "चाळीस फूट जागा हाय," ते म्हणाले. "पुढं हॉल बारा फुटाचा, त्यात मी ऐकणार न्हाय. मग सैपाकघर धा, आमची खोली धा. उरल त्यात तुझी बसती का बघ. नकाशा काढून दाखव. बसली तर बांधतो, न्हाय बसली तर विषय संपला. पण रविवारच्या आत, रविवारी जोतीराम गवंडी आखणीला येतोय."

बारा, दहा, दहा. बत्तीस. चाळिसातून बत्तीस गेले की आठ. हे तर तिसरीतल्या पोरालाही जमेल! रेल्वेच्या डब्यासारख्या एकामागे एक चार खोल्या, बाजूने बोळ, आणि शेवटचा डबा संघप्रियाचा. तिनं त्याच क्षणी मनातल्या मनात पलंग लावूनसुद्धा टाकला होता.

आणि आता हे असं.

बरं, त्या सॉफ्टवेअरची एकेक तऱ्हा! पहिल्यांदा उघडलं तेव्हा त्यानं विचारलंच नाही आणि घरावर उतरतं लाल छप्पर चढवलं. काढलं की परत यायचं. बावड्यात कुठं बर्फ पडतो? मग हॉलमध्ये एक शेकोटी उगवली, ती पुसायला गेलं की तिच्यामागची अख्खी भिंत जायची. मागच्या बाळासोंचा गोठा दाखवावा म्हणून तिनं सगळी यादी धुंडाळली, तर दोन मोटारींचं गॅरेज होतं, पोहायचा तलाव होता, कुत्र्याचं घरसुद्धा होतं, पण म्हशीला जागा नव्हती. ते सगळं तिनं सोसलं. दाराऐवजी खिडकी बसली, सोसलं. थ्री-डीमध्ये फिरताना भिंतीतून आरपार जाऊन थेट आकाशात पोचली, तेही सोसलं. पण हे सव्वाचार तिच्या डोक्यात बसेना.

तिनं शेवटची खोली हट्टानं आठ केली. झाली! ती टाळी वाजवणार, तेवढ्यात शेजारी बघते तर आईपप्पांची खोली दहाची सव्वासहा. "अरेच्चा." ती दहा केली, तर स्वयंपाकघर सव्वासहा. तेही दहा केलं, तर पप्पांचा लाडका हॉल बाराचा सव्वाआठ! जणू पावणेचार फुटांचं कुणीतरी घरात शिरलं होतं आणि या खोलीतून हाकललं की त्या खोलीत पळत होतं. शेवटी तिनं चारही खोल्या पाहिजे तेवढ्या करून कुलूप लावलं, तर घरच लांब झालं आणि मागच्या बाळासोंच्या परड्यात घुसलं.

"दादा, आपलं घर बाळासोकाकांच्या म्हशीवर गेलं."

"फॉरमॅट मारूया," संग्राम उठून आला. "सगळा कचरा जाईल."

"माझं घरबी जाईल की!"

"मग घर परत काढ. डोकं शांत ठेवून काढ. तुझी बेरीज चुकली असंल."

"बारा, धा, धा, आठ. चुकवून दाखव."

संग्रामनं बोटांवर मोजलं, ओठ हलवले, परत बोटांवर मोजलं. "चाळीस," त्याने कबूल केलं. "मग मशीन येडं झालंय."

आणि तेवढ्यात लाइट गेली. दोन हजार पाचचा मे महिना, लोडशेडिंगचा सुकाळ. पडदा काळा झाला आणि घर, छप्पर, शेकोटी, सगळं गुडुप!

"सेव्ह केलतंस?" संग्रामनं विचारलं.

संघप्रियाने काळ्या पडद्यावर कपाळ टेकवलं. त्यावरून त्याला कळलं.

शनिवारी दुपारी ती परत तिथंच. घर पुन्हा काढलं, पुन्हा सव्वाचार. चिडून ती दिसेल त्यावर क्लिक करत सुटली आणि एका भिंतीवर दोनदा क्लिक झालं. एक चौकोन उघडला. त्यात भिंतीची जाडी नऊ इंच लिहिली होती. तिनं नुसतं बघायचं म्हणून सगळ्या भिंतींना एक इंच केलं आणि काय! तिची खोली टुणकन फुगली. शून्य केलं, तर बरोब्बर आठ. हॉल बारा, स्वयंपाकघर दहा, आईपप्पांची दहा, आणि आठ!

"दादा! बसली! बसली!"

"कशी काय?"

"कुणास ठाऊक!"

खरंच तिला ठाऊक नव्हतं. जाडीचा आणि खोलीचा काय संबंध ते तिला उमगलं नाही, आणि आनंदात तिनं विचारलंही नाही. प्रिंट काढली आणि चपला हातात घेऊनच पळत सुटली.

आईनं हात पुसून कागद घेतला. जवळ धरला, लांब धरला, उलटा केला. "ह्यात भिंती कुठं हायत गं?"

"ह्या काय. ह्या रेघा."

"एवढ्या बारीक? केसावाणी? मग मी कॅलेंडरचा खिळा कशात मारू?"

"आई, नकाशा हाय हा! ह्यात खिळा कुठं आणलास?"

"मी आपलं इचारलं. नगं सांगू जा."

संघप्रिया फणकाऱ्यानं जाऊन खिडकीत बसली. जुनं घर ते, खिडकीचा कोनाडा असा ऐसपैस, की पाय दुमडून टेकून बसता यावं. आई काय बोलते! खिळा म्हणे! ती गुडघ्यावर हनुवटी ठेवून चडफडत राहिली. आणि मग हळूहळू तिच्या लक्षात आलं, की ती बसली आहे कुठं? घरात नाही. बाहेरही नाही. भिंतीत! ही एवढी मांडी घालून बसायची जागा म्हणजे भिंतच की!

ती गपकन उतरली. बोटांवर मोजायला लागली. पुढची एक, मागची एक, मधल्या तीन. पाच भिंती. नऊ पंचे पंचेचाळीस. इंच. म्हणजे... तीन फूट आणि नऊ.

पावणेचार.

घरात पळणारं ते कुणीतरी सापडलं होतं. पप्पांनी चार खोल्या मोजल्या होत्या, तिनं चार मोजल्या होत्या, संग्रामनं बोटांवर चारच मोजल्या होत्या. भिंती कुणीच मोजल्या नव्हत्या. मशीन पहिल्या दिवसापासून खरं सांगत होतं आणि खोटी तिच्या हातातली प्रिंट होती.

म्हणजे खोली बसत नव्हती. म्हणजे विषय संपला.

रविवारी सकाळी जागेवर जोतीराम गवंडी खुंट्या, दोरी आणि आखणीच्या पांढऱ्या फक्कीचं घमेलं घेऊन हजर. संघप्रिया कागद घट्ट गुंडाळून उभी होती. रात्रभर तिला काय करावं सुचलं नव्हतं आणि अजूनही सुचत नव्हतं.

"पोरीनं कॉम्प्युटरवर बसवलंय घर," आईकडून ऐकलेलं पप्पांनी छाती काढून सांगितलं. "चार खोल्या. चाळिसात फिट."

"नकाशा कशाला लागतोय?" जोतीराम हसला. "रस्त्याकडनं धरायचं. हॉल बारा, भिंतीच्या आतनं आत, मग भिंत. सैपाकघर धा आतनं आत, भिंत. मापात आपण कमी करत न्हाय कुणाचं."

"आणि शेवटची खोली?" संघप्रियाने विचारलं.

"ती काय, उरल त्यात जुळवून घ्यायची. समद्यांची मागची खोली तशीच असती. कांदं, पिपं, जुनी सायकल. चालतंय की!"

संघप्रियाच्या डोळ्यांपुढं गल्लीतली सगळी घरं आली. प्रत्येकाच्या मागे एक अरुंद, विचित्र खोली, जिचं काय करायचं ते कुणालाच कळलेलं नसतं. तिला वाटायचं लोकांना तशीच आवडते.

ती सरळ खुंटीजवळ जाऊन उभी राहिली.

"पप्पा, हा नकाशा खोटा हाय. मी भिंती शून्य केल्यात ह्यात. खऱ्या धरल्या तर पावणेचार फूट कमी पडतंय."

पप्पांनी कागद घेतला, आडवा बघितला, उभा बघितला. "कमी पडतंय? चाळीस हायत की."

"पाच भिंती. नऊ-नऊ इंची. मोजा."

पप्पांनी मोजलं. जोतीरामनंही मोजलं, विटेवर बोट ठेवून.

"म्हंजे तुझी खोली बसत न्हाय," पप्पा हळू म्हणाले. "ठरलंवतं आपलं."

"एक खोली बसत न्हाय," ती म्हणाली. उभी राहून, मोठ्यानं. "कुणाची, ते अजून ठरायचंय. मागनं आखायला सुरू करा. माझी आठ, तुमची धा, सैपाकघर धा. जुळवून घ्यायचं ते पुढं घ्या."

"मागनं?" जोतीराम गोंधळला. "मागनं कोण सुरू करतं? पस्तीस वर्सं झाली, मी रस्त्याकडं तोंड करून आखतोय. आणि पोरगी काय, उद्या सासरला जायाची."

"उद्या दहावी हाय माझी, मामा. सासर न्हाय."

आई पदर तोंडाला लावून हसली. पप्पांना हसू येत नव्हतं. "हॉल सव्वाआठ? पावणं आलं तर बसायचं कुठं?"

"पावणं येत्यात, चा पित्यात, जात्यात," आई म्हणाली. "राहणार आपणच हाय न्हवं? आणि खोटा कागद खपवायचा असता तर गप बसली असती की ती. कुणाला कळलं असतं?"

"कळलं असतं," संघप्रिया पुटपुटली. "भिंती चढल्यावर."

पप्पांनी रस्त्याकडच्या मोकळ्या जागेकडे बघितलं. बहुतेक तिथं त्यांना सोफा दिसत होता. मग त्यांनी कागद खिशात कोंबला आणि म्हणाले, "जोतीराम, मागनं घे."

जोतीरामनं घमेलं उचललं, सवयीनं रस्त्याकडं चार पावलं गेला, थांबला, मान हलवली आणि उलटा फिरला. फक्कीची पहिली रेघ बाळासोंच्या परड्याला लागून पडली. दुसरी, तिसरी. संघप्रिया आधीच आत जाऊन उभी होती आणि चौथी रेघ पूर्ण होईपर्यंत हललीच नाही. आठ फूट! पांढरंशुभ्र, आणि भिंतींची जागा वेगळी सोडून.

पुढं रस्त्याच्या कडेला पप्पा एकटेच दोन्ही हात पसरून उभे होते. डावीकडे दोन पावलं, उजवीकडे एक, परत मध्ये.

"संघे," त्यांनी हाक मारली, "सोफा हितं आला, तर मग दार उघडायचं कसं गं?"

"थांबा, आलो," ती रेघेवरून उडी मारत ओरडली. "मलाबी कळंना झालंय. बघूया दोघं मिळून."