हिरव्या शिंगाचा क्लेम

आण्णांच्या पांढऱ्या गाडीला म्हशीनं शिंग मारलं, हे सगळ्या उत्तरेश्वर पेठेला पटलं. एका विमा कंपनीला तेवढं पटेना!

झालं होतं अगदी साधं. दिवाळी नुकतीच झाली होती. पाडव्याला कोल्हापूरच्या म्हशी कशा नटतात ते काय सांगायचं? शिंगांना ऑइलपेंट, गळ्यात घुंगरं, पाठीवर नक्षी. आणि तो शिंगांचा रंग पुढं कितीतरी दिवस त्या रस्त्यानं मिरवत असतात. तर अशाच एका संध्याकाळी आण्णा नातीला, म्हणजे निशिगंधाला, दहावीच्या क्लासवरून घेऊन गंगावेशीतून घरी चालले होते. समोरून दूधकट्ट्याकडं, म्हणजे जिथं गिऱ्हाइकासमोरच धार काढून देतात तिकडं, निघालेल्या म्हशी आल्या. आण्णांनी गाडी कडेला घेतली, थांबवली, हँडब्रेकसुद्धा ओढला. म्हशी एकेक करून डुलत डुलत पुढं गेल्या. शेवटची होती तानाबाईंची मोना. मोनाच्या मानेवर माशी बसली, मोनानं मान झटकली आणि खर्रर्र! चालकाच्या दाराला मधोमध पोचा, त्याच्यापुढं हातभर ओरखडा, आणि ओरखड्यात मोनाच्या शिंगाचा हिरवागार रंग.

तानाबाई पदर सावरत धावत आल्या. "आवं आण्णा, चुकलं वं! नवी कोरी गाडी, आन् ह्या भवानीनं..."

"जाऊ दे, तानाबाई," आण्णा खाली उतरत म्हणाले. "जनावर हाय ते. त्याला काय कळतंय?"

आणि मग आण्णांनी जे केलं ते फक्त कोल्हापूरचा माणूसच करू जाणे. ते कट्ट्यावर गेले आणि त्याच मोनाचं धारोष्ण दूध पेलाभर प्यायले. निशिगंधालाही पाजलं. गाडीचा फोटो काढावा, कुणाला साक्षीला थांबवावं, असलं काही दोघांच्याही डोक्यात आलं नाही. ओठावरचा फेस पुसला आणि आले घरी.

घरी निशिगंधाची आई, म्हणजे संयोगिता, दार बघून म्हणाली, "एवढा विमा भरतोय तो कशाला मग? क्लेम करा की."

तिथून सगळं सुरू झालं.

आता आण्णा कोण, ते सांगायला पाहिजे. आण्णा म्हणजे एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. नेसरी म्हणू नका, गगनबावडा म्हणू नका, पावसात, धुक्यात, उसाच्या ट्रॅक्टरांमधनं त्यांनी आयुष्यभर लाल गाडी हाकली, आणि कधी म्हणजे कधीच कुठं घासली नाही. आण्णा बाकी कशाचीच फुशारकी मारत नाहीत. पण गाडी लावताना कुणी मागं उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या" करायला लागलं की आण्णा काच खाली करून शांतपणे म्हणतात, "पावणं, बाजूला व्हा. मला दिसतंय." गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्याकडनं गाडी शिकली. त्या पोरांसमोर आण्णांचं नाव म्हणजे नाव!

फोनचं काम निशिगंधानं अंगावर घेतलं. गॅदरिंगमध्ये निवेदन केल्यापासून तिला मोठ्या माणसांशी बोलायची भीती अशी राहिलीच नव्हती. उलट मजा यायला लागली होती. पण कंपनीच्या फोनवर आधी किती वेळ नुसती सनई वाजली. मग एक ताई हिंदीतून म्हणाली, "मॅडम, गाडी किससे टकराई?"

"टकराई नहीं. गाडी खडी थी. भैंस ने सिंग मारा."

ताईनं "भैंस?" असं दोनदा विचारलं. मग, "मॅडम, आप अ‍ॅप में डाल दीजिए."

अ‍ॅपमध्ये प्रश्न होता, गाडी कशावर आदळली? खाली पर्याय होते. खांब, भिंत, झाड, दुसरे वाहन. म्हैस नव्हतीच! बरं, काही निवडल्याशिवाय पुढचं पान उघडेना. निशिगंधाचं डोकं फिरलं. कोल्हापुरात विमा विकायला येता आणि तुमच्या यादीत म्हैस नाही? शेवटी "दुसरे वाहन" दाबलं तर त्या वाहनाचा नंबर मागितला. मोनाचा नंबर काय घालायचा, कपाळ? नंबराची जागा तशीच रिकामी ठेवून तिनं ते पाठवलं.

असे फोन झाले, मेल झाले, तेच तेच फोटो परत परत पाठवून झाले, आणि शेवटी एकदाचा नुकसान बघायला कंपनीचा सर्व्हेअर आला. आदर्श नावाचा. जयसिंगपूरचा, तरणाबांड, गळ्यात ओळखपत्र आणि कानाला सतत फोन. त्यानं दारावरून बोट फिरवलं, वाकून हिरवा रंग बघितला आणि मान हलवली.

"शिंग हाय."

"बघा!" निशिगंधा ओरडलीच. "मी म्हटलं नव्हतं?"

"अगं मला पटतंय गं. आमच्या घरी चार म्हशी हायत. पण सिस्टीमला पटत न्हाई ना. हिरवा रंग दिसला की सिस्टीम म्हणणार, दुसऱ्या गाडीनं ठोकलं, तिचा नंबर द्या." मग तो आण्णांकडं वळून अगदी आपलेपणानं म्हणाला, "आजोबा, सोपं करूया. तो रंग जरा पेट्रोलनं पुसून टाका. मी लिहितो, गाडी मागं घेताना खांबाला घासली. दोन दिवसांत पास. सगळे असंच करतात."

आण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, घडी केली, परत खांद्यावर ठेवला. निशिगंधाला ती घडी ओळखीची होती. आण्णांना फार लागलं की ते असंच काहीतरी करतात.

"कोण मागं घेत हुतं गाडी?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे, तुम्हीच. कागदावर हो."

"मी खांबाला घासली?"

"कागदावर, आजोबा."

"मग कागदावर तुझं नाव घाल. तू घास."

आदर्श कसनुसा हसला. पण निशिगंधाला हसू आलं नाही. म्हणजे बघा, ज्या माणसानं घाटातसुद्धा कधी गाडी घासली नाही, त्यानं म्हातारपणी स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं, की हो, मला खांब दिसला नाही! का? तर कुणा लांबच्या शहरात बसलेल्या साहेबाच्या यादीत म्हैस नाही म्हणून! गुन्हा म्हशीचा, सजा आण्णांना!

"दुसरा रस्ता न्हाई काय?" आईनं चहा पुढं करत विचारलं.

"हाय की. म्हशीच्या मालकिणीवर पोलिसात तक्रार द्या. पंचनामा होईल. मग कागदावर जनावर म्हणून लागतंय."

आता तानाबाईंना कुणी सांगितलं देव जाणे. पण चहा संपायच्या आत त्या दारात उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून.

"कोण रं माझ्या मोनावर केस करणार? तू व्हय?"

"मावशी, मी फक्त..."

"मावशी म्हनू नगंस! पाडव्याला पयला नंबर आलाय तिचा. ती काय दारू पिऊन चालती व्हय रस्त्यानं?" मग आवाज एकदम खाली आला. "आण्णा, तुमी दिल्यासा काय वं तक्रार?"

"न्हाई दिली. देणार बी न्हाई," आण्णा म्हणाले. "जाऊ दे म्हणलो हुतो न्हवं? मग गेलं ते. पर खांब बी लिवणार न्हाई. गाडी उभी हुती, आन् म्हशीनं मान झटकली. हेच लिवायचं असंल तर लिवा. न्हाईतर चला."

आदर्शनं घड्याळ बघितलं. निशिगंधाला ते दिसलं, आणि का कोण जाणे, तिथंच तिचा बांध फुटला.

"थांबा. तुमच्या वरच्या साहेबांना फोन लावा."

"अगं, मॅडम बिझी असतात."

"मग आम्ही काय रिकामे? माझी पूर्वपरीक्षा तोंडावर आली आहे! लावा व्हिडिओ कॉल."

फोन लागला. चष्मेवाल्या एक मॅडम दिसल्या, मागं काचेच्या खोल्या. आदर्शनं चाचरत सगळं सांगितलं. मॅडम मराठीच होत्या, पण त्यांचं मराठी कसं इस्त्री केलेलं.

"अहो, इतक्या किरकोळ डॅमेजसाठी एवढा घोळ कशाला? खांब टाका आणि क्लोज करा."

निशिगंधानं फोन हातात घेतला.

"नमस्कार मॅडम. मी निशिगंधा. गाडी माझ्या आजोबांची आहे. खांब टाकायला आमची ना नाही. फक्त तुम्ही आम्हाला तसा मेल करा."

"कसा मेल?"

"की खरं कारण म्हैस आहे हे आम्हाला माहीत आहे, तरी ग्राहकाने खांब असे खोटे लिहून सही करावी. खाली तुमचं नाव. आत्ताच करा, मी थांबते."

मॅडमनी मागं वळून कुणी ऐकत नाही ना ते बघितलं. इकडं आदर्श चहाच्या रिकाम्या कपात बघत राहिला. तानाबाईंनी तोंडाला पदर लावला, तो हसू दाबायला का काय ते कळलं नाही.

"हे बघ बाळ," मॅडम म्हणाल्या, "तसं मेलवर नसतं लिहायचं."

"का नसतं? आजोबांनी सही करायची चालते, तुम्ही का नाही? तुम्हाला तुमचं नाव खराब व्हायची भीती, आणि आमच्या आण्णांना नाव नाही?"

"निशे, हळू," आई म्हणाली. पण ती थांबवण्यासाठी म्हणाली असं काही वाटलं नाही.

मॅडमनी चष्मा काढला, परत घातला. मग आदर्शला म्हणाल्या, "शेवटच्या पानावर ‘इतर’ असतं. त्यात प्राणी टाका. सर्व्हेअर म्हणून खात्री तुम्ही द्या. मी मंजूर करते." आणि फोन बंद.

म्हणजे ‘इतर’ होतं! पहिल्यापासून होतं! इतके दिवस सनई ऐकवली, नंबर मागितले, आण्णांना खोटं बोलायला सांगितलं, आणि ‘इतर’ शेवटच्या पानावर आरामात लोळत पडलं होतं! निशिगंधानं आदर्शकडं असं बघितलं की तो बिचारा भराभर टाइप करायला लागला.

"वाच," आण्णा म्हणाले.

"म्हशीची धडक बसून दाराचे नुकसान."

"आदी गाडी थांबलेली हुती, ते लिव. हँडब्रेक लिव."

आदर्शनं लिहिलं. मग बोट वर धरून तो तसाच थांबला, आणि जरा ओशाळून बोलला. "आजोबा, पाठवायच्या आधी एक सांगतो. खर्चातली सुरुवातीची ठरावीक रक्कम तुमची तुम्हालाच भरायला लागती. उरलेल्यातनं गाडी वापरल्याचा घसारा वजा होणार. ह्या दाराचे पैसे हातात फारसे काय येत न्हाईत. आणि क्लेम घेतला की पुढच्या वर्षी हप्त्यातली सूट जाती. हिशेब केला तर तुमचाच तोटा हाय."

"हे आत्ता सांगताय?" निशिगंधाचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "पहिल्या फोनला का नाही सांगितलं? विमा विकताना का नाही सांगितलं? तेव्हा तर काय गोड गोड बोलत होता! उभ्या गाडीला म्हशीनं मारलं तरी सूट आमचीच जाणार? मग चूक कुणाची धरली तुम्ही?"

आदर्शनं वर धरलेलं बोट खाली घेतलं. "क्लेम मागं घ्यायचा असंल तर आत्ता घेता येतो," तो एवढंच म्हणाला. "मग कसलीच नोंद राहणार न्हाई. म्हशीची न्हाई, खांबाची बी न्हाई. कोपऱ्यावरचा डेंटिंगवाला करून दील दार."

"आण्णा, मागं घ्या," आई म्हणाली. "उगीच तोटा कशाला?"

निशिगंधालाही ते पटत होतं. आणि पटत होतं म्हणूनच तिचा संताप संताप होत होता. इतकं भांडून शेवटी गप्प घरी बसायचं?

आण्णा उठले, गाडीपाशी गेले आणि पोच्यावर तळवा ठेवून निशिगंधाकडं वळले.

"त्या अ‍ॅपवर आदी काय तरी भरलंय न्हवं आपण?" त्यांनी विचारलं. "दुसरं वाहन म्हणून?"

"भरलंय," निशिगंधा पुटपुटली. "मीच."

"मग खोटं आपण बी लिवलंय; ते खोडून खरं जाऊ दे. पाठव रं."

"आजोबा, तोटा..."

"कळलंय मला. रिटायर झालोय, बहिरा न्हाई झालो. पाठव."

आदर्शनं बटण दाबलं. फोनवरचं चक्र गोल गोल फिरलं आणि मग अ‍ॅपनं आणखी एक मागणी केली, चालकाचा फोटो, नुकसान झालेल्या भागाशेजारी उभं राहून. निशिगंधानं "अजून काय राहिलंय, पत्रिका?" असं म्हणून फोन हिसकावला.

आण्णांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि दाराशेजारी ताठ उभे राहिले. निशिगंधानं रागारागात बटण दाबलं. पहिला फोटो हललेला आला.

"दुसरा काढ," आण्णा म्हणाले. "आन् हँडब्रेक दिसंल असा काढ. काच खाली करतो मी."