पिवळं बटण आणि लाडू आज्जाची रीत

मळणी यंत्र फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा दांडा, म्हणजे पीटीओ, नंदिगड्डे गावात आजवर पुरुषांनीच सुरू केला. तसा काही कायदा नव्हता. महाबळेश्वर नावाच्या शेतकऱ्याच्या जुन्या ट्रॅक्टरचा लिव्हर तेवढा ताठ होता. तो ओढताना महाबळेश्वर असं तोंड करी, की सुपा धरणाचे दरवाजे हाच उघडतो असं वाटावं.

यंदा त्याची भावजय देवकी हिनं बटणाचा ट्रॅक्टर आणला. पिवळं बटण वर ओढलं की पीटीओ सुरू.

"बटण पंख्याला बी असतंय, वैनी. पंख्यानं भात मळतंय व्हय?"

"तुमी वारा घ्या भावजी. मी मळते."

"आज मळून दाखवा. न्हाई तर तुमचं खळं पुन्हा माझ्या ट्रॅक्टरकडं, आणि तुमी पेंढ्या उचलायला."

देवकी सीटवर बसली, बटण ओढलं. पहिले दाणे पडले, तशी खळ्यावरच्या सगळ्यांत म्हाताऱ्या लाडू आज्जानं काठी आपटली. "उतर खाली."

खळ्याची रीतच ती. रास पडू लागली की सगळ्यांनी अनवाणी खाली उभं राहायचं. राशीहून उंच कुणी बसायचं नाही. देवकी उतरली. यंत्र बंद पडलं. चढली, सुरू केलं. उतरली, पुन्हा बंद. सीटवर वजन नसेल तर पीटीओ आपोआप थांबे, चालवणारा पडला तर दांड्यात सापडू नये म्हणून. कंपनीनं सगळ्याचा विचार केला होता, लाडू आज्जा तेवढा राहिला होता.

"माझा लिव्हर एकदा ओढला," महाबळेश्वर म्हणाला, "की मी घरी जेवून आलो तरी दांडा फिरतोय."

"ते तुमच्या पोटाकडं बघून कळतंय." देवकी आज्जाकडं वळली. "आज्जा, राशीहून उंच कुणीच न्हाई ना?"

"मंत्री आला तरी न्हाई."

"आणि रासच उंच बसली तर?"

आज्जानं दोनदा तंबाखू मळली. "मग काय बोलायचं? तिचीच जागा हाय ती."

देवकीनं पेंढी उचलून दगडावर झोडपली. बाकीच्या बायका आल्या. त्या दाण्यांचं पोतं भरलं, त्याला झेंडूची माळ घातली आणि चौघींनी ते सीटवर बसवलं. दांड्याजवळ कुणी येऊ नये म्हणून भोवती दोरीचं कुंपण घालून देवकी अनवाणी बटणाशी उभी राहिली. यंत्र सुरू झालं ते थांबेना. पोतं मोठ्या रुबाबात ट्रॅक्टर चालवत होतं.

खोट शोधायला म्हणून महाबळेश्वर दोरी ओलांडून आत वाकला. लुंगीचं टोक दांड्याकडं उडालं. देवकीनं बटण दाबलं. दांडा दोन गिरक्या घेऊन थांबला. टोक वीतभर लांब राहिलं.

महाबळेश्वरानं लुंगी वर खोचली आणि दोरीबाहेर जाऊन उभा राहिला. देवकीनं बटण पुन्हा ओढलं. दुपार कलायच्या आत सगळं भात मळून झालं, आणि रास आज्जाच्या छातीला लागली.

"वैनी," महाबळेश्वर म्हणाला, "आमचं भात परवा मळाल काय?"

"का? लिव्हर मोडला?"

"न्हाई. लुंगी नवी हाय."