बाहुलीच्या घराचं सोनेरी दार

मी एक जुनं कार्ड आहे, मित्रांनो. वीतभरही नाही, आणि एका कोपऱ्यात दातांचे ठसे. ते ठसे कुणाचे, ते पुढे सांगतेच.

विमान कंपनीच्या छापखान्यातून मी बाहेर पडले तेव्हा अशी काही सोनेरी झळाळत होते की विचारू नका! मी आले बाबांकडे. बाबा छपाईची यंत्रं दुरुस्त करत. कुठे यंत्र अडलं की बाबा पाना-पेचकस घेऊन विमानात. प्रत्येक प्रवासाचे गुण माझ्या नावावर जमा होत. विमानतळावर तिकिटाच्या खिडकीपाशी मला पाहून लोक म्हणत, "या, साहेब." बाबा ग्रीस लागलेली बोटं पाठीमागे लपवत आणि मी मात्र मिरवून घेई.

त्या गुणांवर फुकट तिकीट मिळत असे. आई म्हणायची, "वापरा की कधीतरी." बाबांचं उत्तर ठरलेलं, "चौघं मिळून ताईकडे जाऊ." ताई म्हणजे बाबांची बहीण, समुद्रापलीकडच्या दवाखान्यात परिचारिका. चौघांपुरते गुण जमतील तेव्हा जमतील, म्हणून बाबांनी मला आजीच्या बटणांच्या डब्यात ठेवलं. मग त्यांना कार्यालयात बसून करायचं काम मिळालं, विमानं थांबली, आणि मी त्या डब्यात दोऱ्याच्या रिळांशी गप्पा मारत पडून राहिले.

एका दुपारी सात वर्षांच्या खारीने डबा उघडला. खार हे घरातल्या मुलीचं लाडाचं नाव. सापडेल ते पळवते म्हणून पडलेलं. तिच्या बाहुलीच्या खोक्याच्या घराला दार नव्हतं. तिने मला चिकटपट्टीने तिथे बसवलं. खरं सांगू? मला आवडलं. दिवसभर उघड, मीट, उघड, मीट. निदान कुणाच्या तरी कामी आले.

आणि मग एका सकाळी बातमी आली, ताईला मुलगी झाली. आजीने घरोघर साखर वाटली. तर, त्याच आठवड्यात कंपनीचा निरोप आला. ताईच्या गावी थेट जाणारं विमान महिनाअखेर बंद. पुढे दोन ठिकाणी उतरून बदलावं लागेल. जुनी कार्डंही बंद, सगळं फोनवर. आणि न वापरलेले गुण महिनाअखेर बाद.

बाबांनी चौकशी केली. गुण पुरत होते एकाच तिकिटाला. बाबा हिरमुसले. "जायचं तर चौघांनी. एकटं कुणी जायचं नाही."

आजी भाजी निवडत होती. तिचे गुडघे असे की घरातला उंबरा ओलांडताना ती भिंत धरून भिंतीशीच बोलायची. ती मान वर न करता म्हणाली, "चौघं चौघं करता करता माझी पोर आई झाली. दोनदा विमान बदलणं मला झेपायचं नाही. थेट जातंय तोवर पाठव मला."

"आणि वाट चुकलीस तर, आई?"

"विमानातून मध्येच कुठे उतरणार आहे मी?"

बाबांना हसू आलं आणि डोळेही भरले. पण तिकीट काढायला कंपनीला हवा होता माझ्यावरचा क्रमांक. डबा पालथा झाला, बटणं पलंगाखाली पळाली, कपाटं उपसली गेली. मी समोरच बाहुलीच्या दारात उभी. ओरडावं तर तोंड नाही!

शेवटी आई पलंगावर बसून म्हणाली, "राहू दे आता. आजीचं जाणं काही नशिबात दिसत नाही."

हे ऐकून खार उठली. तिने हलक्या हाताने चिकटपट्टी सोडवली, मला बाबांच्या तळहातावर ठेवलं आणि बजावलं, "बाहुलीचं दार आहे. आजी आली की परत द्यायचं."

तिकीट फोनवर आलं. माझी काही गरज उरली नव्हती. तरी विमान उडताना आजीने मला मुठीत असं गच्च धरलं, जणू मीच ते उडवत होते. पलीकडे ताई दारातच तिच्या गळ्यात पडली. काही महिन्यांनी बाळाला पहिले दोन दात आले तेव्हा त्याने त्यांची धार पाहिली माझ्यावरच. हे ठसे त्याचे.

थेट विमान तोवर बंद झालेलं, म्हणून आजी परतली ती जहाजाने, रमतगमत. आल्या आल्या तिने पिशवीतून मला काढलं आणि खारीच्या हाती दिलं.

मित्रांनो, आज मी पुन्हा बाहुलीच्या घराचं दार आहे. तुमच्याही घरी माझ्यासारखं काहीतरी डब्यात जपून ठेवलेलं असेल, मोठ्या दिवसाची वाट बघत. त्याला बाहेर काढा. वापरलं म्हणजे झिजतं खरं. पण मला विचाराल तर, माझ्या अंगावरची सगळ्यात देखणी खूण म्हणजे ते दोन इवले दात.